हाताला गुण आहे, पण कशाचा?
ऑस्टिओपॅथीची चिकित्सक ओळख

धान्याचे पोते उचलताना, वाकून बादली घेताना, कधी नुसते शिंकतानाही कमरेत चमक निघते आणि माणूस जागच्या जागी अडकतो. याला आपण उसण भरणे म्हणतो. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावाला काय, यावर जुन्या माणसांचा पहिला सल्ला ठरलेला आहे : पायाळू माणूस शोधा. जन्मताना ज्याचे डोके आधी न येता पाय आधी आले, तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, अशी समजूत आहे. गंमत म्हणजे उसण खरोखरच जाते. दोन दिवसांत नाही गेली, तर आठ-दहा दिवसांत जाते. मग पायाळूचे नाव होते.

पायाळूच्या पायाचे शिक्षण देणारे महाविद्यालय कोणी काढलेले नाही. ऑस्टिओपॅथीची मात्र महाविद्यालये आहेत, पदव्या आहेत, ब्रिटनमध्ये तर तिच्यासाठी १९९३ साली संसदेने कायदा केला. औषध नाही, सुई नाही, फक्त हाताने दाबून, ताणून, वळवून उपचार करणारी ही पद्धत आता आपल्याकडच्या शहरांतही दिसू लागली आहे. ओडिशात कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात तिचा पदवी अभ्यासक्रम आहे. विद्यार्थी आणि पालक शिक्षकांना विचारतात, 'सर, हे खरे असते का?' या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. हाताच्या उपचाराने बरे वाटते का, हा एक. आणि उपचार करणारा जे कारण सांगतो ते बरोबर आहे का, हा दुसरा. पायाळूच्या बाबतीत आपण हे दोन प्रश्न सहज वेगळे करतो. पांढरा डगला आला की करत नाही.

नाव आणि काम

आधी नावाचा घोटाळा दूर करू. 'ऑस्टिऑन' म्हणजे ग्रीक भाषेत हाड आणि 'पॅथॉस' म्हणजे पीडा. त्यामुळे ही हाडांच्या रोगांची शाखा असावी असे वाटते. तसे नाही. मोडलेली हाडे जोडणारी शल्यशाखा ती ऑर्थोपेडिक्स. हाडे ठिसूळ होण्याचा रोग तो ऑस्टिओपोरोसिस. आणि होमिओपॅथीशी तर हिचे नात्यागोत्याचेही संबंध नाहीत, फक्त शेपूट सारखे आहे.

ऑस्टिओपॅथीचा उपचारक आधी नीट चौकशी करतो. दुखणे कधी सुरू झाले, काम काय करता, झोपता कसे, पूर्वी पडला-झडला होता का. मग उभे करून, वाकवून, वळवून पाहतो आणि पाठीवरून हात फिरवून कुठे ताठरपणा आहे, कुठे हालचाल अडते ते बोटांनी चाचपतो. त्यानंतरचे उपचार अनेक प्रकारचे. स्नायू मळून सैल करणे, सांधा सावकाश त्याच्या पूर्ण कक्षेत फिरवणे, रुग्णाला विरुद्ध दिशेने जोर लावायला सांगून मग स्नायू ताणणे, आणि सर्वांना ठाऊक असलेला तो छोटा, झटक्याचा दाब, ज्यात 'कट्' असा आवाज येतो. काही जण डोक्याच्या कवटीवर अगदी हलके हात ठेवून बसतात. त्याविषयी पुढे बोलूच. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला किती मिनिटे येतात हे आठवले, की या अर्ध्या तासाचेच मोल केवढे असेल ते कळते.

भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, यापेक्षा वेगळी कशी? हातांच्या क्रिया पुष्कळशा सारख्याच आहेत. भौतिकोपचाराचे शिक्षण आपल्याकडे १९५० च्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले आणि ते आधुनिक वैद्यकाचाच भाग म्हणून वाढले. ऑस्टिओपॅथीचे वेगळेपण तिच्या हातांपेक्षा तिच्या सिद्धांतात आहे, आणि तो सिद्धांत समजायला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

विजेच्या वेगाचा हाडवैद्य

अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८ ते १९१७) हा अमेरिकेतला एक खेडोपाडी फिरणारा डॉक्टर. त्याचे वडील धर्मोपदेशक होते आणि वैद्यकीही करत. त्या काळचे वैद्यक म्हणजे रक्त काढणे, जुलाब देणे आणि कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे संयुग पोटात घालणे. पाऱ्याने दात पडत, हिरड्या सडत. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत स्टिलची तीन मुले दगावली. डॉक्टर बोलावले होते, औषधे दिली होती, काही उपयोग झाला नाही. औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. पुढे दहा वर्षांनी, २२ जून १८७४ या दिवशी आपल्याला नवे तत्त्व गवसले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. काही काळ तो गावोगाव 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' अशी जाहिरात करत फिरला. म्हणजे ऑस्टिओपॅथीचा जनक हा मुळात एक हाडवैद्यच होता. १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या गावी त्याने आपले महाविद्यालय काढले.

त्याचे तत्त्व थोडक्यात असे. शरीर हे स्वतःला दुरुस्त करणारे यंत्र आहे. त्याला लागणारे सगळे औषध रक्तातच आहे. हाड किंवा मणका जागचा जरा हलला की रक्तवाहिन्यांवर आणि चेतांवर दाब येतो, रक्तप्रवाह अडतो आणि त्या भागात रोग होतो. मणका जागेवर बसवा, रक्त वाहू द्या, रोग जाईल. हे तत्त्व त्याने पाठदुखीपुरते ठेवले नाही, ताप, जुलाब, फुप्फुसाचे विकार या सर्वांना लावले.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. स्टिलच्या साक्षात्कारानंतर आठच वर्षांनी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉखने क्षयाचा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. एकाच काळात रोगाची दोन कारणे पुढे आली होती : एक सरकलेला मणका, दुसरे जीवाणू. जीवाणू वेगळा काढता येत होता, वाढवता येत होता, प्राण्याला टोचून तोच रोग उत्पन्न करता येत होता. सरकलेला मणका मात्र स्टिलच्या बोटांनाच लागत होता. दुसऱ्या कोणी तपासला तर तो तिथेच आणि तेवढाच सरकलेला सापडेल याची काही सोय नव्हती.

तरीही स्टिलकडे गाड्या भरभरून रुग्ण येत, आणि यात त्यांचा भाबडेपणा दिसत असला तरी एक शहाणपणही होते. पारा खाण्यापेक्षा पाठ चोळून घेणे केव्हाही बरे. स्टिलचा उपचार काही रोगांवर निरुपयोगी होता, पण त्याच्या स्पर्धकांचा उपचार घातक होता. वैद्यकाच्या इतिहासात अशा 'काहीच न करणाऱ्या' उपचारांना पुष्कळदा यश मिळालेले आहे. याच वातावरणात, १८९५ मध्ये, आयोवा राज्यात डी. डी. पामर या गृहस्थाने कायरोप्रॅक्टिक ही दुसरी मणके-विद्या काढली. दोन्ही पंथांत पुढे 'आधी कोणाचे' यावरून बराच वाद झाला.

अमेरिकेत नंतर जे घडले ते विशेष आहे. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरने तिथल्या वैद्यकीय शिक्षणाचा कडक अहवाल दिला, त्यात ऑस्टिओपॅथीच्या शाळांनाही झोडपले. त्यांनी हळूहळू औषधशास्त्र, जीवाणूशास्त्र, शल्यक्रिया सगळे आपल्या अभ्यासक्रमात घेतले. आज अमेरिकेत 'डी. ओ.' पदवीचा माणूस पूर्ण डॉक्टर असतो, औषधे लिहितो, शस्त्रक्रिया करतो. त्यांच्यापैकी बहुतेक जण हाताचे उपचार आता क्वचितच करतात, असे त्यांच्यातल्याच पाहण्यांमधून दिसते. सिद्धांत मागे पडला, पाटी राहिली. ब्रिटन, फ्रान्स या देशांत मात्र ऑस्टिओपॅथ हा डॉक्टर नसतो, फक्त हाताचे उपचार करतो. आपल्याकडे आधुनिक वैद्यक, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी यांना जशी कायद्याने स्थापन झालेली नियामक संस्था आहे, तशी स्वतंत्र संस्था ऑस्टिओपॅथीला नाही. तेव्हा 'अमेरिकेत हे लोक डॉक्टर असतात' हे वाक्य आपल्याकडच्या पाटीच्या समर्थनासाठी वापरता येत नाही. तिथली ती डॉक्टरकी मणक्यांच्या सिद्धांतामुळे मिळालेली नाही.

मणका सरकतो का?

'मणका सरकलाय, बसवून देतो.' हे वाक्य हाडवैद्य म्हणतो, मालीशवाला म्हणतो, कधी शिकलेले उपचारकही म्हणतात. आपल्या पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यातले खालचे नऊ एकमेकांना जुळून गेलेले, वरचे २४ सुटे. त्यांच्यामध्ये २३ चकत्या, मागे सांधे, आणि भोवती अस्थिबंध व स्नायूंचे असे घट्ट आवरण की कसाईसुद्धा तो कणा हाताने सुटा करू शकणार नाही. बोटाच्या दाबाने मणका आत-बाहेर होणे शक्य नाही. मणका पुढे सरकण्याचा विकार खरोखर असतो, पण तो क्ष-किरण चित्रात दिसतो, आणि हाताने दाबून तो मागे बसत नाही. चकती फुगून चेतेवर दाबणे हाही खरा विकार आहे. त्याला लोक 'गादी सरकली' म्हणतात. पुष्कळदा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप निवळतो.

मग तो 'कट्' आवाज कसला? विद्यार्थ्यांना हा प्रश्न फार आवडतो, कारण बोटे मोडणे हा वर्गातला आवडता उद्योग आहे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतली जागा एकदम वाढते, दाब घटतो आणि द्रवात पोकळी तयार होते. सोडावॉटरची बाटली उघडताना दाब घटून बुडबुडे सुटतात, त्याचीच ही चुलत बहीण. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने बोट मोडतानाचे चलत्चित्र घेतले, आणि आवाजाच्या क्षणीच पोकळी तयार होताना दिसली. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही, साधारण वीस मिनिटे थांबावे लागते, हे मुलांनी स्वतः घड्याळ लावून पाहावे. पाठीतला आवाजही याच जातीचा. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. हाड हललेलेच नव्हते.

(बोटे मोडल्याने संधिवात होतो का? डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टराने साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्या हाताची नाही. दोन्ही हातांत फरक पडला नाही. या चिकाटीबद्दल त्याला २००९ चे 'इग नोबेल' हे विनोदी पारितोषिक मिळाले. एकाच माणसावरचा प्रयोग, पण तुलनेसाठी दुसरा हात राखून ठेवण्याची अक्कल दाद देण्याजोगी!)

बरे वाटले, पण कशाने?

सिद्धांत चुकीचा ठरला म्हणून उपचार निकामी ठरत नाही. चुकीच्या कारणाने बरोबर गोष्ट करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. मूल पडले की आई ढोपर चोळते आणि रडे थांबते. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी यावर एक कल्पना मांडली : स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अंशतः बंद होते. तिचे तपशील पुढे बदलले, तरी वेदना ही दुखापतीच्या जागेवरच ठरत नाही, चेतासंस्थेत तिची वाढ-घट होते, हा गाभा टिकला. आश्वासक स्पर्श, सैल झालेले स्नायू, 'काही गंभीर नाही, हालचाल करा' असे कोणीतरी नीट सांगणे, या सगळ्यांनी वेदना कमी होऊ शकते. ते खोटे बरे वाटणे नसते.

पण किती कमी होते, आणि त्यातले उपचाराच्या विशिष्ट कौशल्यामुळे किती, हे मोजायचे तर तुलना हवी. पायाळूची अडचण इथेच आहे. साधी पाठदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. शिवाय दुखणे कमी-जास्त होत असते आणि माणूस उपचाराला जातो तो सर्वांत वाईट दिवशी. सर्वांत वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा त्याहून बरा असणारच. मग त्याने पायाला हात लावो की पायाळूने त्याला पाय लावो.

अशी तुलना झालेली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत, तीन आठवडे ते सहा महिने पाठ दुखत असलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एकाला नेहमीचे वैद्यकीय उपचार, दुसऱ्याला ऑस्टिओपॅथीचे. १५५ जणांनी अभ्यास पूर्ण केला. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. हाताच्या उपचाराच्या गटाला औषधे मात्र कमी लागली. हा निकाल ऑस्टिओपॅथीच्या बाजूने वाचता येतो आणि मी तो तसाच वाचतो. वेदनाशामक गोळ्या रोज खाऊन जठर आणि मूत्रपिंडे बिघडवून घेणाऱ्यांच्या देशात औषध कमी लागणे ही लहान गोष्ट नाही.

पण त्यात एक उणीव होती. कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णांना ठाऊक होते. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. हाताची साखरगोळी कशी करायची? फ्रान्समध्ये केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही युक्ती केली गेली. ४०० रुग्ण, प्रत्येकाला पंधरा दिवसांनी एक अशा सहा बैठका. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना त्याच जागांवर नुसता हलका स्पर्श. पाठदुखीमुळे दैनंदिन कामे किती अडतात याचे शंभरपैकी गुण काढले. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात अडचण ४.७ गुणांनी घटली, नुसत्या स्पर्शाच्या गटात १.३ गुणांनी. फरक ३.४ गुणांचा. संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला, पण रुग्णाच्या रोजच्या जगण्यात तो जाणवेल का याविषयी संशोधकांनीच शंका व्यक्त केली. वेदनेत तर दोन गटांत फरक आढळला नाही.

शंभरपैकी साडेतीन गुण. गणिताच्या पेपरात एखाद्या मुलाला ५२ ऐवजी ५५ मिळाले तर आपण त्याला नव्या शिकवणीचा चमत्कार म्हणू का? ऑस्टिओपॅथीच्या सिद्धांताला मिळणारे गुण हे एवढेच आहेत. बाकी जे बरे वाटते ते काळाचे, स्पर्शाचे आणि लक्ष देण्याचे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा तिचा अंदाज आहे. तिने रुग्णाला माहिती देणे, व्यायाम यांच्याबरोबर मणक्यांवरचे हस्तोपचार आणि मालीश यांनाही जागा दिली आहे. पण पुरावा कमी भरवशाचा असल्याचे सांगून, अटी घालून. आपल्याकडे सर्रास दिले जाणारे कमरेचे पट्टे आणि वजने टांगून पाठ ताणणे हे मात्र नेहमीचा उपचार म्हणून करू नये, असे म्हटले आहे. म्हणजे रुग्णालयातल्या रूढींचीही तपासणी झाली आणि त्याही काही नापास झाल्या.

आता कवटीवरच्या हलक्या हाताविषयी. १९३० च्या दशकात विल्यम सदरलँड या ऑस्टिओपॅथने असा दावा केला की कवटीची हाडे श्वासासारखी एका लयीत हलतात आणि ती लय बोटांना जाणवते. १९९४ मध्ये याची फार सोपी परीक्षा घेतली गेली. तीन प्रशिक्षित परीक्षक, बारा व्यक्ती. प्रत्येकाने प्रत्येक व्यक्तीची ही लय मोजायची. तिघांच्या आकड्यांत जवळजवळ काहीच मेळ निघाला नाही. हा प्रयोग वर्गात दुसऱ्या रूपात करून पाहण्यासारखा आहे. एका मुलाच्या दोन्ही मनगटांची नाडी दोन मुलांना एकाच वेळी मिनिटभर मोजायला सांगा आणि आकडे एकमेकांना न सांगता कागदावर लिहायला लावा. थोड्या सरावाने एक-दोनच्या फरकाने ते जुळतात. नाडी आहे, म्हणून जुळतात. जे दोघांच्या बोटांना वेगवेगळे लागते ते बहुधा ज्याच्या त्याच्या बोटांत असते.

कोयता आणि तरफ

ऑस्टिओपॅथीचा एक दावा ऐकायला फार चांगला आहे : आम्ही अवयव पाहत नाही, संपूर्ण माणूस पाहतो. बीड जिल्ह्यात हा दावा तपासायला उत्तम जागा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. मजुरी टनावर. चार-पाच महिने बुडख्याशी वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून गाडीत चढवायची.

यातले 'वाकणे' म्हणजे काय ते सातवी-आठवीच्या तरफेने काढता येईल. कमरेचा मणका हा टेकू. पाठीचे स्नायू त्याच्या मागे साधारण ५ सेंटिमीटरवर ओढतात, ही बलभुजा. वाकल्यावर धड, डोके, हात यांचे मिळून ३० किलो वजन टेकूच्या पुढे समजा २५ सेंटिमीटरवर येते. हातात १५ किलो ऊस ४० सेंटिमीटरवर आहे. तर ३० × २५ म्हणजे ७५०, १५ × ४० म्हणजे ६००, एकूण १३५०. भागिले ५. स्नायूंना २७० किलोंइतका जोर लावावा लागतो, आणि तेवढाच दाब मधल्या चकतीवर येतो. हिशेब ढोबळ आहे, पण मुलांनी फळ्यावर केला तर सरळ उभे राहून ऊस अंगाशी धरल्यावर हा आकडा किती खाली येतो तेही त्यांना काढता येईल. आता हे वाकणे दिवसातून किती वेळा होते याचा विचार करा.

अशा पाठीवर सहा बैठका हात फिरवला तर बरे वाटेल, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे फड तोच आहे. 'संपूर्ण माणूस' पाहण्याचा दावा करणारी ही विद्या माणसाच्या कातडीपाशी थांबते. दुखण्याचे कारण मणक्याच्या एखाद्या मिलिमीटरमध्ये शोधणारी दृष्टी मोळीचे वजन, टनाचा दर, विश्रांती आणि उचल यांच्याकडे पाहतच नाही. हा आरोप एकट्या ऑस्टिओपॅथीवर करणे न्यायाचे होणार नाही. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके वाढले की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कंबरदुखीची, अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला पदवीधर डॉक्टरांनी हा उपाय सांगितल्याच्या कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. त्याच्या तुलनेत पायाळूचा पाय किती निरुपद्रवी!

जिथे हात लावू नये

हाताचा उपचार सहसा निरुपद्रवी असतो, पण दोन ठिकाणी नाही. पहिले ठिकाण मान. मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या वर चढतात. मान झटक्याने वळवली तर क्वचित या धमनीचे आतले अस्तर फाटते, गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे क्वचितच घडते, आणि अशा रुग्णांपैकी काहींची धमनी आधीच फाटू लागल्यामुळे मान दुखत असावी, असेही दिसते. पण दाढी-कटिंगनंतर फुकटात मान मोडून देण्याची जी प्रथा आपल्याकडे आहे, ती घेण्यात काही फायदा नसताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही. न्हाव्याला 'मान राहू द्या' म्हणावे.

दुसरे ठिकाण पाठीचा क्षय. फुप्फुसातला क्षय सर्वांना माहीत असतो, पण तोच जीवाणू मणक्यातही घर करतो आणि आतून मणका पोखरतो. सुरुवातीला तक्रार एकच : पाठ दुखते. महिना-दोन महिने दुखते, पडून राहिले तरी दुखते, रात्री अधिक दुखते. संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मंदावते, वजन उतरते. अशा पोखरलेल्या मणक्यावर मालीश करणाऱ्याने गुडघा रोवला किंवा झटका दिला तर तो खचतो आणि मज्जारज्जू दाबला जाऊन दोन्ही पाय लुळे पडू शकतात. म्हणूनच चाचपणाऱ्या बोटांवर विसंबता येत नाही, क्ष-किरण आणि रक्ततपासणी लागते. यासाठी युसूफ वडगावच्या माणसाला पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती कमी होऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी तिथे पोचायला हवे. वाटेत कोणालाही पाठ दाबू देऊ नये.